की-फ्रेम पुसण्याआधी

३ जून

आले बाप्पा एकदाची पुण्यात! धायरीत प्रज्ञेशदादाच्या खोलीवर बॅग टाकली आणि दहाला कोथरूडच्या स्टुडिओत हजर. कारखान्यांसाठी 'अपघात टाळा' छापाच्या फिल्म करतात इथे. अभयसरांनी काम समजावलं. माणसाचा फोटो कापून हात, डोकं, धड वेगवेगळ्या लेयरवर ठेवायचं. पहिल्या सेकंदाला हात वर, तिसऱ्याला खाली, अशा दोन की-फ्रेम टाकायच्या. मधली हालचाल सॉफ्टवेअर भरतं. आणि एक ताकीद: की-फ्रेम पुसायच्या तर वेळेची रेष आधी सुरुवातीला आणा, नाहीतर रेष जिथं उभी असेल त्याच अवस्थेत लेयर गोठतो. नागपूरला एवढं तरी शिकवलं असेल ना, असंही विचारलं. पुणेरी स्वागत म्हणतात ते हेच वाटतं.

५ जून

फिल्ममधले कामगार म्हणजे आम्हीच, आमचेच फोटो. आज एडिटर राकेशचा हात प्रेसखाली घातला. स्क्रिप्टमध्ये दोन बोटं तुटतात, मी चुकून तीन तोडली. हात फारच सढळ आहे तुमचा, असं सर म्हणाले. राकेश पोट धरून हसला. मग फिल्मला आवाज देणाऱ्या निकिताचे केस मशीनच्या पट्ट्यात अडकवले, टाळूसकट सोलले. तिसऱ्या फिल्मला माणूस उरला नाही, म्हणून दादाचा फोटो काढला. तो वर्कशॉपमध्ये लेथवर असतो, हौसेनं युनिफॉर्म घालून उभा राहिला. गमछा मशीनमध्ये ओढला जातो आणि मान गर्रकन उलटी फिरते. झकास जमलंय! दादाला दाखवलं, तर आईला पाठवू नको म्हणाला.

९ जून

राकेशची बोटं गेली. स्टुडिओचं शटर धाडकन खाली आलं. दोन नाही, तीन. फरशीवरून मीच रुमालात गोळा केली. गरम होती अजून. योगायोग आहे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतेय. जेवण गेलं नाही.

११ जून

निकिता. पिठाच्या गिरणीचा पट्टा. वेणी ओढली गेली आणि कपाळापासून मागपर्यंत कातडी — मी सोलली तशीच, त्याच बाजूनं — माय वं! हे मी केलंय. मीच. आता दादा उरलाय.

१२ जून, दुपारी

दादा सकाळीच ड्युटीवर गेला. फोन उचलत नाही. वर्कशॉपमधले म्हणतात मशीनवर आहे, मग करा. खोलीवरच लॅपटॉपवर त्याची फाइल उघडली. डोळ्यांदेखत त्याची मान फिरली, पार शेवटपर्यंत — तिथेच थांबवलं. सगळ्या की-फ्रेम पुसल्या. एकूण एक! सुटला माझा दादा. सुटला.

चार वाजता

रेष. आधी रेष मागे आणलीच नाही मी. ती शेवटाला उभी आहे — मान उलटी, तशीच गोठलेली. हातानं सरळ करतेय. पुन्हा वळते. सरळ करतेय — पुन्हा —

कडी वाजली. दादाची किल्ली, दादाचीच चाल. आत आलाय. गमछा नाही गळ्यात. पाठ आहे माझ्याकडे. आणि बघतोय तो माझ्याक—