बाबांना मराठीत हाक

समुद्रपूर, रविवार, संध्याकाळ

आज बाबांच्या नावाचं ताट वाढलं. आमच्या घरी ताट वाढलं की दारात उभं राहून गेलेल्या माणसाला गोंडीत हाक मारतात. ते काम आत्याचं. आत्या उन्हाळ्यात गेली, आणि आता घरात कोणालाच गोंडी येत नाही. मग दादानेच मराठीत हाक मारली, "बाबा, जेवाले या!"

आईने मला विचारलं, "समजन काय व त्याईले?"

दादा चिडला. "काऊन नाई समजन? जलमभर मराठीच बोलले ना!"

खरं आहे. पण शेवटी शेवटी ते फक्त गोंडी बोलत होते. पाणी मागताहेत हेसुद्धा आत्याने सांगितलं तेव्हा कळलं.

आणि मी परवा वर्गात किती झोकात शिकवलं! रोमची फौज गेली तिथे लॅटिन गेली, मग डोंगराच्या अल्याड तिची फ्रेंच झाली, पल्याड स्पॅनिश. हरलेल्यांनी आपली भाषा टाकली, पण त्यांची बोलायची लकब नव्या भाषेत उतरली. टाकली म्हणे! टाकतं का कोणी? एकेका घरातली आत्या मरते, एवढंच.

दादाची हाक कानातून जात नाही. "या" लांबवून शेवटी हळूच खाली सोडलं त्याने, हुबेहूब आत्यासारखं. त्याला कळलंही नसेल.

तेच आईला सांगायला गेले. म्हटलं, शब्द मराठी असले तरी हेल बाबांना ओळखू येईल.

ती ताटाकडे बघत म्हणाली, "हेल त मलेबी ओळखू ये त्याईचा. काय बोलून राह्यले होते, ते नाई समजलं."