अण्णांच्या हॅटचा डबा

ता. १४, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मोठ्यांना पत्र लिहिताना मायना काय घालायचा हे वर्गात शिकवलं, त्या दिवशी मी नेमका भिंतीवरून पळालो होतो. तेव्हा आहे ते गोड मानून घे. मी बरा आहे. दाजींचा गुडघा कसा आहे? छोटीचे पुढचे दात आले का? फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू रडायला लागतेस आणि मी ‘आवाज येत नाही’ म्हणून ठेवून देतो. आवाज येत असतो.

काम चालू आहे. तू पैज लावली होतीस ना, तीन महिन्यांत सोडेल म्हणून? चार वर्षं झाली. मलाच खरं वाटत नाही. आमचा म्हातारा (तोंडावर मी डॉक्टर म्हणतो, जन्मभर लोकांचे डोळे तपासले त्याने) चार खोल्यांत राहतो आणि त्यातल्या तीन खोल्या हॅटच्या डब्यांनी छतापर्यंत भरलेल्या आहेत. जुन्या काळातल्या पुरुषांच्या हॅट्स. स्वतःच्या डोक्यावर ना केस, ना हॅट. एकदा विचारलं, तर म्हणतो, “चपलांचं दुकान असलं म्हणून माणूस किती जोड घालतो रे?”

त्याचा एक हट्ट आहे. नुसती हॅट तो घेत नाही. तिचा स्वतःचा डबा पाहिजे. त्याच दुकानाचा, त्याच मापाचा, पहिल्या दिवशी ज्यात बसून ती घरी गेली तोच. एका बाईने नवऱ्याची फार देखणी हॅट आणली होती, डबा मात्र दुसराच. म्हाताऱ्याने तिला चहा पाजला, दारापर्यंत सोडलं, पण हॅट परत दिली. “हे लग्न मी नाही लावणार,” म्हणाला.

माझं काम म्हणजे हॅटला किटलीची वाफ द्यायची, मऊ ब्रशने धूळ काढायची, पातळ कागदात ठेवायची. आणि हॅट कधी कडेवर टेकवायची नाही. उलटी ठेवायची, टाळूवर. कडेवर ठेवली की कड सपाट होते आणि मग जन्मात नीट वळत नाही. पहिल्याच दिवशी मी ती टेबलावर कड खाली करून ठेवली. म्हाताऱ्याने हातावर चापट मारली. “घरी हेच शिकलास?”

मी हॅट उलटी केली. घरी मी हेच केलं होतं.

ताई, तू त्या दिवशी सासरी होतीस, म्हणून तुला अर्धंच माहीत आहे. अण्णांनी मला थिएटरच्या दारावर चिकटवायचं ठरवलं होतं, स्वतःच्या जागेवर. म्हणाले, “सहावी नापासाला बसल्या जागी काम मिळतंय, तेही जड होतंय?” आणि मी म्हणालो, “तीस वर्षं दुसऱ्यांसाठी दार उघडलंत, मिळालं काय? मालकाच्या डोक्यावरून उतरलेली हॅट.”

त्यांनी शिवी दिली असती तर मी बहुतेक राहिलो असतो.

मला पिशवी सापडेना. मग मी कपाटावरचा तो गोल डबा ओढला, हॅट काढून खाटेवर टाकली, कड खाली, आणि डब्यात कपडे कोंबून निघालो. अण्णा बघत होते. रविवारी सकाळी फक्त फेरफटका मारायला तीच हॅट घालायचे, परत आले की बाहीने पुसून डब्यात ठेवायचे, आणि मी त्यात चड्ड्या कोंबत होतो. झाकणाच्या आतलं ते मांजर आठवतं तुला? मी पाच वर्षांचा असताना पेनाने काढलेलं, पाच पायांचं. तू म्हणालीस, “पाचवा पाय नाही, शेपूट असेल.” अण्णांनी मला एक ठेवून दिली होती, पण मांजर काही पुसलं नाही.

आता हे लिहितोच. डबा माझ्याजवळ नाही. पहिल्याच हिवाळ्यात गेला. बांधकामावर आम्ही सहा जण एका पत्र्याच्या खोलीत होतो. ते चिडवायचे, “बापाचा खजिना रे, हात लावू नका.” एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. मला कशाची पर्वा नाही हे दाखवायला मीच त्या डब्यावर उडी मारली आणि चपटा करून शेकोटीत टाकला. सगळे हसले. मीही हसलो. पुठ्ठा जुना, चटकन पेटला. मांजर सगळ्यात शेवटी जळलं.

त्यानंतर आठवड्याने मी तुम्हाला पहिलं पत्र पाठवलं. त्यात काय लिहिलं होतं, तुला आठवत असेल.

म्हाताऱ्याकडे टिकलो तो यासाठीच. वाटलं, एवढे डबे येतात, कधीतरी त्याच दुकानाचा, त्याच मापाचा एखादा येईल. तो घेऊन घरी जाईन. चार वर्षं येणारा प्रत्येक डबा मी आधी झाकण उघडून बघायचो. म्हाताऱ्याला वाटायचं, पोराला आवड लागली. या वर्षी तो आला. तीच हिरवी पट्टी, तेच सोनेरी नाव. पण आत दुसऱ्या कुणाची तरी हॅट, आणि डबा तिचाच.

आणि त्याच आठवड्यात तुझा फोन आला, अण्णा बरे नाहीत, असशील तसा नीघ.

मी तुला सांगितलं, रजा मिळत नाही. खोटं होतं ते. म्हाताऱ्याने वाक्य पुरं व्हायच्या आत रजा दिली. मीच अडून बसलो, तो डबा द्या म्हणून. तो म्हणाला, “डबा कसला मागतोस? घरी जा.” मी गेलो नाही. दोन दिवस जुन्या बाजारात असाच दुसरा डबा शोधत फिरलो. डोक्यात एकच, रिकाम्या हाताने दारात कसा उभा राहू? तिसऱ्या दिवशी सकाळी मी एका दुकानात डबे खालीवर करत होतो, तेव्हा दाजींचा फोन आला.

तू कुणाला सांगू नकोस असं लिहिणार होतो. सांग. सगळ्यांना सांग.

एकच मागतो. दाजी म्हणाले, अण्णांची खोली रिकामी करताना हॅट कुणालातरी देऊन टाकू. देऊ नका. आणि एक कर. हॅटच्या आत कपाळाला लागते ती कातड्याची पट्टी असते, ती बोटाने उलटी करून बघ. हॅट मोठी होत असली की लोक तिथे घडी केलेला कागद खुपसतात. आम्हाला तिथे औषधांच्या चिठ्ठ्या सापडतात, तिकिटं सापडतात. मालकांचं डोकं अण्णांपेक्षा मोठं होतं. काहीतरी असेल. काय आहे ते कळव.

तुझा धाकटा


ता. २, गुरुवार

ताई,

तुझं पत्र आलं. चार वेळा वाचलं, मग म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. त्याने चष्मा काढून ठेवला, परत घातला, पुन्हा काढला.

मला वाटलं होतं, थिएटरचं जुनं तिकीट असेल.

माझंच पत्र निघेल असं कसं वाटणार? तू लिहितेस, अण्णा आजारपणात इतके वाळले की हॅट कानांपर्यंत उतरायला लागली. मग त्यांनी ते पत्र चार घड्या करून पुढच्या बाजूला बसवलं. तू विचारलंस, हाच कागद कशाला? ते म्हणाले, “जाड आहे, नीट बसतो.” आणि शेजारी कुणी माझं विचारलं की, “येईल की. हॅट माझ्याकडे आहे, डबा त्याच्याकडे. किती दिवस राहील?” असं हसून सांगायचे.

त्या पत्रात मी लिहिलं होतं, ‘अण्णांना सांग, डबा जिवापाड सांभाळतोय.’ मी ते लिहिलं तेव्हा त्याची राखसुद्धा उरली नव्हती. आणि ते वाक्य कपाळाला लावून ते रविवारचे फिरत होते.

तू लिहिलंस, घामाने अक्षरं फुटली आहेत, पण ‘सांभाळतोय’ वाचता येतं. ते वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं.

काल म्हाताऱ्याने शिडी लावली आणि हिरव्या पट्टीचा तो डबा स्वतः खाली काढला. आतली हॅट काढून उलटी, टाळूवर ठेवली आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हॅट आणि डबा वेगळे केले असतील. म्हणाला, “ने. तुझ्या बापाच्या हॅटला होईल.” मी झाकण उघडून आत बघितलं. कोरं होतं. चार वर्षं शोधत होतो, ताई, आणि एकदाही मनात आलं नाही की मांजर कुठून आणणार होतो? अण्णांनी हातात घेताच पहिलं झाकण उघडलं असतं.

मी ती हॅट परत आत ठेवली, झाकण लावलं आणि डबा जागेवर चढवला. म्हातारा खाली शिडी धरून उभा होता.

रविवारी सकाळच्या गाडीने निघतो. हॅट आहे तशी राहू दे, पत्र आतच असू दे. फक्त ती खाटेवर असली तर उलटी करून ठेव, टाळूवर. कड सपाट झाली असेलच. मी किटलीची वाफ देऊन बघीन. सगळ्याच कडा वळत नाहीत, पण काही वळतात.

दार तू उघडू नकोस. मीच उघडीन.

रिकाम्या हाताने येणारा,
तुझा धाकटा