पेटी क्रमांक चौदाचा जावई

प्रति,
मा. संचालक,
विषाणू संशोधन प्रयोगशाळा, उंदीरघर विभाग,
सुरत.

विषय : पेटी क्र. १४ मधील उंदीर न मेल्याबद्दल मला दिलेला मेमो मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपला मेमो, दि. ११ जुलै १९९६.

महोदय,

मी धुडकू चिंधा बडगुजर, राहणार पर्वत पाटिया. आपल्या उंदीरघरात चार वर्षांपासून पेट्या धुतो व दाणापाणी देतो. अक्षरे साठीनंतर शिकलो, तरी मेमो स्वतः वाचला. नाकात फ्लूचा थेंब टाकल्यावर बाकी पेट्यांतले उंदीर आठवड्यात मेले, चौदा नंबरचे नऊच्या नऊ जगले. सबब मी त्यांना चोरून औषध दिले, असा आरोप आहे. कामावरून का काढू नये, असेही विचारले आहे. खुलासा करतो.

१. औषध दिलेले नाही. खोकला झाला तर मी स्वतःही घेत नाही.

२. या उंदरांत वीस पिढ्या सख्ख्या भावाबहिणींचीच जोडी लावली आहे, म्हणून सगळे एकसारखे निघतात, असे आपल्या निखिल साहेबांनी मला सांगितले होते. साहेब, मी आमच्या समाजात एकेचाळीस सोयरिकी जुळवल्या. कूळ एक निघाले तर पाहुणे चहा न पिता उठतात. इथे मीच बहिणीच्या पेटीत भाऊ सोडत होतो. मला जेवण जाईना.

३. म्हणून मार्चमध्ये चौदा नंबरच्या मुलीला बाहेरचे स्थळ पाहिले. मुलगा कडोदऱ्याच्या लूमच्या गोदामातला, चपळ, दात मजबूत. रंग इथल्यांसारखाच राखाडी, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. चार दिवसांनी त्याला घरी नेले. ती नऊ पिल्ले त्याची. आपली परवानगी घेतली नाही, ही माझी चूक. माफी असावी.

४. हे काल निखिल साहेबांना सांगितले. आधी ते रागावले. मग म्हणाले की बाहेरच्या उंदरांत या तापाशी लढणारे काही वंशातच असते, आपल्यांतून ते गेले आहे. पिल्लांना ते बापाकडून आले असावे. तेव्हापासून त्यांनी शिपायाला दोनदा माझ्या घरी पाठवून बापाचा पत्ता विचारला.

बाप माझ्याच घरी, पत्र्याच्या डब्यात आहे. आमच्या उषाबाई त्याला कळण्याची भाकरी घालतात. अंगाने भरला आहे. शिपायाला त्यांनी तो बाहेरगावी गेल्याचे सांगितले.

तरी मेमो लेखी मागे घ्यावा, मला कामावर ठेवावे व नऊ लेकरांना कापून पाहू नये. मग जावयाला मी स्वतः रिक्षाने आणीन. रक्ताचा थेंब घ्यावा, संध्याकाळी परत पाठवावा.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारा,
धुडकू चिंधा बडगुजर
(सही स्वतःची)
दि. १३ जुलै १९९६

सोबत :
१) मेमोची नक्कल.
२) जावई जोडलेला नाही.