गॉगलवाल्या गेंड्याला ह्यांची हाक

शिवाजी पेठ, कोल्हापूर
मंगळवार

तीर्थस्वरूप वन्संच्या पायांवर धाकट्या भावजयीचं, म्हणजे बाळाबाईचं डोकं. (कंबर वाकत नाही म्हणून यंदा कागदावरच टेकवलंय, पोचलं असं समजा.) तुमचा गुडघा काय म्हणतोय, निपाणीत थंडी पडली का, उदयसिंह गोळ्या वेळेवर आणतो का, आणि आणल्या तर तुम्ही त्या गिळता का उशीखाली ठेवता, हे सगळं बैजवार कळवा. इकडं आम्ही बरे आहोत. विजयसिंह कागलच्या कारखान्यात पाळ्या करतोय. मोना म्हैस आटलीय, पण तिला विकायचं नाव घरात कोण काढत नाही. माझ्या डोळ्याचं पाणी थांबत नव्हतं, ते डॉक्टरच्या थेंबानं थांबलं.

आता आनंदाची बातमी. वन्सं, बसून वाचा. तुमचे बंधू सगळ्या जगात हाका मारत सुटलेत. वर्षश्राद्ध झालं, पान वाढलं, कावळा शिवला, तुम्ही स्वतः बघितलंय. आणि त्याच माणसाचा आवाज मला केएमटीच्या बसमध्ये भेटला. घाबरू नका, माझं डोकं जाग्यावर आहे. पहिल्यापासून सांगते.

विजयसिंहाची अनुजा पुण्याची नोकरी सोडून घरात बसली, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही तेव्हा म्हणालात, लग्न करा. मी पण म्हणाले. विजयसिंह पण म्हणाला. पोरीनं कानात यंत्र घातलेलं, तिला ऐकूच आलं नाही.) तर ती बसून गेम करत होती. तुमच्याकडची पोरं फोनवर बंदुका मारतात ना, तोच प्रकार, पण हिच्यात बंदूक नाही, मोटार नाही, मार्क नाहीत. हिच्यात म्हैस आहे. आपण म्हैस व्हायचं. दिवाळीच्या पाडव्याचा दिवस, शिंगाला मोरपिसं, अंगाला रंग, रस्त्याला ही गर्दी, ढोल, फटाके, आणि पुढं लांब कुठं तरी मोटारसायकलवरनं मालक हाक मारतोय. ती हाक ऐकायची आणि आवाज कुणीकडनं येतोय ते बघून पळायचं. डोळ्यानं काही कळत नाही, सगळा खेळ कानाचा. आणि हाक कुणाची, तर ह्यांची. पोरगी कॉलेजात होती तेव्हापासनं दर पाडव्याला आजोबांच्या मागं फोन धरून पळायची, तेव्हा मला वाटायचं रिकामटेकडी आहे. त्या हाका तिनं जपून ठेवलेल्या. म्हैस गोठ्यात पोचली की शेवटी ह्यांचा आवाज येतो, "बाळे, च्या ठेव." तो पण खराच. मोना पळवून आल्यावर हे फटफटी लावायच्या आधी म्हणायचे, तेवढंच.

पहिल्या डावात हाक कशी खणखणीत. ह्यांचा आवाज कसा होता वन्सं, रंकाळ्यावर ओरडले तर महाद्वारात भांडण लागलंय असं लोकांना वाटायचं. पण पुढच्या डावाला पुढचा पाडवा येतो आणि आवाज जरा बसलेला. त्याच्या पुढच्याला घोगरा. मग खरखर. तुम्हाला ते सगळं ठाऊक आहे, मिरजेला आपण दोघीच होतो आणि डॉक्टरनं गळ्याला भोक पाडायचं सांगितलं तेव्हा तुम्ही माझा हात एवढा आवळलात की माझी बांगडी वाढवली. शेवटच्या डावात हाकच नाही. नुसती हवा. म्हैस रस्त्यात उभी, आपण बटण दाबतोय, काही होत नाही. मग ती आपली आपण वळते आणि गोठ्याकडं जाते. गोठ्यात दिवा आहे, च्याचं कोण बोलत नाही. संपलं.

मोनानं खरंच तसं केलं होतं, त्या शेवटच्या पाडव्याला. मालक समोर तोंड उघडून उभा आणि म्हैस वळली. तालमीची माणसं तिला वाट देत बाजूला झाली. हे घरी आल्यावर गप्पच, पण ते तर आता नेहमीचंच होतं.

मी तो गेम एकदा शेवटपर्यंत खेळले. चांगला केलाय. बंगळूरला त्याला बक्षीस मिळालं, असलं कुणी आजवर केलंच नाही म्हणून. गेम बघायला घरी एकजण आला, दाढीवाला, म्हणाला, "आज्जी, ह्यांना हे सुचलं कसं?" मी म्हटलं, पावणं, सुचलंय कुठं, झालंय की. त्याला ते पटलं नाही. सुचलेल्याला मान जास्त असतो वाटतं.

तर आता बस. डोळ्याच्या डॉक्टरकडं कळंब्याला निघाले होते. बस भरलेली, मी बायकांच्या बाकावर. आणि पाठीमागनं स्पष्ट आवाज आला, "बाळे, च्या ठेव."

वन्सं, मी "व्हय" म्हणाले. मोठ्यानं. आणि उठले पण. चालत्या बसमध्ये मी उठून उभी, पिशवी काखेत, च्या ठेवायला निघालेली. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, स्टॉप लांब हाय अजून." मागं बघते तर एक धिप्पाड माणूस, खाकी कपडे, मिशा, फोनमध्ये डोकं घालून बसलेला. कळंबा जेलचा शिपाई, ड्युटीवर चाललेला. त्याच्या फोनात एक गेंडा पळत होता. गेंड्याला गॉगल. अंगात लाल बनियन. समोर सोन्याची नाणी लटकलेली आणि लांबनं ह्यांची हाक, तीच, आपल्या मोनाची. गेंड्यानं नाणं उडवलं की हे म्हणणार, "बाळे, च्या ठेव." परत नाणं, परत च्या. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, पावणं, जरा आवाज वाढवा की. तो म्हणाला, "आज्जी, ह्यो भारीतला गेम हाय, आमच्या जेलात समद्या स्टाफच्या फोनात हाय. ह्यात म्हातारा एक सारखा च्या मागतोय बगा." मी म्हटलं, मागतोय व्हय. तो म्हणाला, "दिवसभर मागतोय. ह्याला बायकोनं च्या दिला न्हाई वाटतं कधी."

माझा स्टॉप गेला. डॉक्टर गेला. मी सरळ जेलच्या दारापर्यंत गेले. तिथं त्याला आत जायचं, फोन बाहेर जमा करायचा, पण बिचारा भला, म्हणाला, "आज्जी, अजून एक डाव बगा." दारात उभं राहून बघितला. चोरीचा माल जेलच्या शिपायाच्या हातात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी तर आनंदात. परत येताना सगळ्या बसला सांगत आले.

घरी येऊन अनुजाला म्हटलं, अगं तुझा आज्जा गेंड्याला हाक मारतोय. मला वाटलं पोरगी नाचेल. तिनं फोनात तो गेम काढला, बघितला, परत बघितला. चेहरा असा झाला की मी पाणी आणायला गेले. कुठल्या तरी लांबच्या कंपनीनं तिचा गेम उचललेला. म्हशीचा गेंडा केला, पेठेचं जंगल केलं, मोरपिसं काढून गॉगल घातला, आणि ह्यांचा आवाज तस्साच. त्यांना मराठी येत नाही, त्यामुळं च्या ठेव हे पण म्हशीला हाकायचंच काही तरी आहे असं समजून त्यांनी ते सगळीकडं पेरलं. शेवट मात्र काढून टाकला. गेंडा आपटला की पहिल्यापासनं सुरू, आवाज परत खणखणीत.

आता ह्यातली खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. पुण्याची एक मोठी कंपनी अनुजाचा गेम घेणार होती, ती मागं सरली. का तर म्हणे असाच एक गेंड्याचा आहे बाजारात, तुमचा त्याची नक्कल वाटतो. पोरीच्या गेमखाली लोक लिहायला लागले, गेंड्याची कॉपी, ती पण बिनगॉगलची. पोरगी जेवेना. ज्याच्या घरात चोरी झाली त्यालाच लोक चोर म्हणतात, असलं मी ह्या वयात पहिल्यांदा बघितलं. पुण्याच्या माणसानं फोनवर एक वाट सुचवली, शेवट बदला, आजोबांना बरं करा, म्हणजे वेगळा वाटेल. अनुजा म्हणाली, "आज्जा बरा झाला न्हाई. शेवट हाय तसाच ऱ्हाईल." आणि फोन ठेवला. (मी तिथंच लसूण सोलत होते. पुढचा गड्डा फोडला.)

मग वकील. आपल्या पेठेतलाच, धैर्यशील. त्यानं सांगितलं की कल्पना कुणाच्या मालकीची नसते. मी म्हटलं, कशी नसेल, सगळ्या पेठेत मिरची तीच, कांदा तोच, लसूण तोच, तरी चटणीचा डबा उघडला की कुणाच्या घरची ते कळतं की नाही. तो म्हणाला, "आज्जी, चटणीचा खटला येगळा. आपण आवाजावर धरू." कारण त्या कंपनीनं लिहून दिलंय, हा आवाज कुणा एकाचा नाही, तिकडं गावोगाव गुराखी असंच ओरडतात. वन्सं, एवढ्या एका वाक्याला मात्र माझं डोकं उठलं. गावोगावचे गुराखी मला च्या ठेव म्हणतात व्हय.

तर मला जबानी द्यायची होती. आवाज कुणाचा, विचारलं. मी म्हटलं, ह्यांचा. "ह्यांचा म्हंजे?" म्हटलं, अनुजाच्या आजोबांचा. "त्यांचं नाव?" म्हटलं, विजयसिंहला विचारा. धैर्यशील म्हणाला, "आज्जी, कोर्टात असलं चालत न्हाई, तुमच्या तोंडानं नाव पायजे." आता तुम्हीच सांगा, जन्मात कधी घेतलं नाही, ते आता माणूस नसताना परक्या ऑफिसात पंख्याखाली कसं घ्यायचं. शेवटी उखाण्यात घेतलं. म्हशीच्या शिंगाला मोरपिसांचा तुरा, सयाजीरावांचा आवाज ओळखते मी पुरा. टायपिस्ट पोरीनं सगळं टाईप केलं, तुऱ्यासकट. धैर्यशील म्हणाला, तुरा काढ. मी म्हटलं, काढायचा तर सगळंच काढा. ठेवलाय. सोमवारी त्या कागदावर सही करायची आहे. धैर्यशील म्हणतो, त्या च्यानंच केस जिंकणार, आणि सहीचा कागद गेला की गेंड्याचा गेम बंद होणार, मग तो कुणाला नव्यानं फोनात घेता येणार नाही. ज्यांच्या फोनात आधीचा आहे त्यांचा तेवढा राहील.

अनुजा त्या दिवशी जेवली. दोन भाकरी खाल्ल्या आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, एवढी थोरली पोरगी. तिचं नाव तिला परत मिळणार. ह्यांचा आवाज ह्यांचा ठरणार, कागदोपत्री. जो माणूस कधी हुबळीच्या पुढं गेला नाही, त्याच्यासाठी एवढं कोर्ट. तुम्हाला पण अभिमान वाटेल म्हणून हे सगळं लिहिलं. सही मी करणार. घरातल्या सगळ्यांना माझा आशीर्वाद, तुम्हाला नमस्कार.

तुमची भावजय
बाळाबाई

ता. क. गुडघ्याला गरम विटेचा शेक द्या. तुमच्याकडनं आलेला गूळ संपला, पण तो मुद्दा नाही.

ता. क. मुद्दा असा. उदयसिंहनं तुम्हाला मोठा फोन घेऊन दिलाय. सोमवारच्या आत त्यात तो गेंड्याचा गेम घालून घ्या. उदयसिंहनं का म्हणून विचारलं तर म्हणावं, गुडघ्यामुळं बसून करमत नाही. अनुजाचं नाव काढू नका, माझं तर अजिबात नको. माझ्या फोनात ठेवता येत नाही, तो अनुजाच बघते. फोन करून सांगितलं असतं, पण मला कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडून बोलते आणि पोरगी पलीकडच्या खोलीत असते. म्हणून एवढी लांबड लावली, कोणी वाचलं तरी पुढचं वाचायला कंटाळेल.

ता. क. तिच्याकडं मूळच्या हाका आहेत, मागितल्या तर लगेच देईल. पण त्यात हे एकदा ओरडतात आणि थांबतात. आणि तिच्या गेमात हे दर वेळी जातात. चांगला केलाय तिनं, खरा केलाय, बक्षीस उगीच मिळालं नाही. मी फक्त एकदाच खेळले. चोरांनी शेवट काढला हे वाईटच केलं, सही मी करणार म्हणजे करणार. पाडवा झाला की चार दिवस तुमच्याकडं येते.

ता. क. आणि तोवर त्या गेंड्याला कुणी हात लावू नका, पोरांच्या हातात तर देऊच नका. पळवला की तो कुठं तरी आपटतो. नुसता जाग्यावर उभा ठेवला तर तो येईपर्यंत हे हाक मारत राहतात, थकत नाहीत. मी येईपर्यंत उभाच राहू दे.