चार आठ, चार एक

६ जानेवारी
नेट पुन्हा गेलं! स्नेहाची मीटिंग सुरू होती. साहेबाने फाइल उघडायला सांगितली आणि ती उघडेच ना. पोरगी लॅपटॉप घेऊन गच्चीवर पळाली, मोबाइलच्या नेटवर कशीबशी वेळ मारून नेली. खाली आल्यावर सांगितलं – कंपनीने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. घरचं नेट सुधारलं तर घरून काम, नाही तर पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं.

सुधारत कसं नाही ते बघतो! चौतीस वर्षं अनसिंगात टपाल वाटलं. एक वायर मला हरवते काय?

७ जानेवारी
नेटवाला शफीक येऊन गेला. पूर्वी घरोघर केबल टीव्ही द्यायचा, आता फायबर देतो. राउटर कुठे ठेवला म्हणाला. बाबासाहेबांच्या फोटोखालची शोकेस उघडून दाखवला – धूळ नको म्हणून काचेच्या आत, वर स्नेहाच्या आईने, गंगूने विणलेला क्रोशाचा रुमाल. टीव्हीलाही ती असंच झाकायची. शफीक हसला. "शेषरावदादा, याले श्वास तं घेऊ द्या!"

हात लावला तर राउटर तव्यासारखा तापलेला. त्याने तो बाहेर भिंतीला लावला. रुमाल घडी करून ठेवला. गंगूला जाऊन दीड वर्ष झालं, तरी जरा वाईट वाटलं.

९ जानेवारी
फरक पडला. पण थोडाच.

१० जानेवारी
शफीक ज्या वरच्या कंपनीकडून नेट घेतो, तिला लेखी तक्रार केली. फुलस्केपवर, तारीखवार, स्पीड पोस्टाने! स्नेहा हसून हसून लोळली. नेटची तक्रार पोस्टाने कोणी करतं का म्हणे. मी करतो! कागद हातात पडला की माणसाला उत्तर द्यावंच लागतं.

१६ जानेवारी
पत्र पोचलं का ते नेटवर बघायला गेलो, पान उघडेना. शेवटी पोस्टात जाऊन विचारलं. पोचलं आहे. उत्तर नाही.

१९ जानेवारी
रोग सापडला!

शफीकने स्पीड मोजला – पूर्ण. मग पानं का उघडत नाहीत? त्याने उलगडून सांगितलं. आपण साइटचं नाव लिहितो, पण जायचं असतं आकड्यांच्या पत्त्यावर. नावावरून पत्ता सांगणारा एक सर्व्हर असतो, त्याला डीएनएस म्हणतात. वरच्या कंपनीचा तो सर्व्हर घटकेत चालतो, घटकेत बंद. म्हणजे रस्ता चांगला, पत्ता सांगणाराच गायब.

अरे, ही तर माझीच नोकरी! पाकिटावर नुसतं 'दौलतराव, अनसिंग' असायचं. गावात दौलतराव पाच. अक्षर आणि कुठल्या गावचा शिक्का ते पाहून मी बरोबर त्याच दारात. मी रजेवर गेलो की अर्धी पत्रं परत जायची.

शफीकने राउटरचं पान उघडून दोन रकाने दाखवले. एकात चार वेळा आठ, दुसऱ्यात चार वेळा एक – दुसऱ्या, भरवशाच्या सर्व्हरांचे आकडे. माझ्याच हातांनी भरून घेतले. पासवर्डही नवा ठेवायला लावला. तो फक्त मला आणि स्नेहाला ठाऊक. पानं फटाफट उघडायला लागली! मी म्हटलं, "आता कायले जाशीन वं तू पुण्याले?" ती म्हणाली, "हो ना, बाबा."

२४ जानेवारी
पाच दिवसांत एकदाही नेट गेलं नाही. जेवताना स्नेहा मंजूबद्दल सांगत होती. पुण्यात दोघी एका खोलीत राहायच्या, मंजूने ती खोली अजून सोडलेली नाही. मी म्हटलं, तू गेलीस तर मी एकट्यासाठी गॅस पेटवणार नाही. गमतीत म्हटलं. ती हसली नाही.

२७ जानेवारी
पुन्हा तेच! एकही पान उघडेना. शफीक मेहुणीच्या लग्नाला कामरगावला, आठवडाभर नाही. मीच राउटरचं पान उघडायला बसलो, तर स्नेहा म्हणाली, "बाबा, मी पाह्यले आकडे. बराबर आहेत. राहू द्या."

इंजिनिअर पोरगी. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. राहू दिलं.

३० जानेवारी
कंपनीचा मेल आला. सोमवारपासून पुण्यात हजर. मला रडू आलं, लपवलं नाही. तीही रडली. हरलो आपण.

१ फेब्रुवारी
वाशिमला जाऊन तिला ट्रॅव्हल्समध्ये बसवून आलो.

२ फेब्रुवारी
शफीक परत आला. फोनवर म्हणाला, आकडे वाचून दाखवा. पान उघडलं – चार आठ नाहीत, चार एक नाहीत. दोन्ही रकान्यांत वरच्या कंपनीचे जुनेच आकडे! आपोआप बदलत नाहीत, म्हणाला, पासवर्ड टाकून कोणीतरी बदलले. माझ्याच हातून झालं असेल, असं त्याला सांगितलं.

राग आला. खूप आला. मग स्वतःलाच विचारलं – मला जायचं आहे, असं ती तोंडाने म्हणाली असती तर मी जाऊ दिलं असतं का? नसतं.

तिला फोन केला. आकड्यांचं काही बोललो नाही. "मन लावून राह्य तिथं. मी बरा आहे," एवढंच म्हटलं. ती नुसती रडत राहिली.