परमेश्वर दाजींचा बैल

ती. परमेश्वर दाजींच्या चरणी (ज्या चरणांना मुंग्या आल्या आहेत, त्याच चरणी) सोनपेठहून तुमचा धाकटा मेहुणा बन्सीधर याचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व कुशल. तिकडचं कमलअक्कानं फोनवर सांगितलं. दहा दिवसांमागे तुम्हाला जुलाब झाले, परवापासून पाय बधिर आहेत, आणि नवी चप्पल चावते असं निदान करून तुम्ही मोकळेही झालात. देवगाव फाट्यावर तुमच्यासारखा वैद्य असताना सरकार दवाखाने कशाला बांधतं, कोण जाणे. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

मलाही जुलाबानंतर असंच झालं होतं, आठवत असेल. चौथ्या दिवशी मला उठता येईना, तेव्हा माझ्याच खाटेवर बसून, माझ्याच घरचा चहा पीत तुम्ही अक्काला म्हणाला होता, “काई न्हाई झालं त्याला. पेरनी आली की बन्सीचे पाय दुखतेत. नाटक करायलाय!” इतकं अचूक निदान परभणीच्या डॉक्टरांना काही जमलं नाही. त्यांनी मला बावीस दिवस श्वासाच्या नळीवर ठेवलं. (नळी तोंडात असल्यामुळे तुम्हाला उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आता देतो.)

तर मागच्या आठवड्यात मला, या आजारातून उठलेला नमुना म्हणून, संभाजीनगरहून बोलावणं आलं. तिथे डॉ. रोहिणी मॅडम शास्त्रज्ञांना शिकवतात, की अंगातली प्रतिकारशक्तीच नसांचे आजार कशी करते. मला वाटलं, शास्त्रज्ञांना आणखी काय शिकवायचं? पण ही सोळा माणसं जन्मभर उंदरांत रमलेली. उंदराच्या मेंदूतली पेशी न् पेशी ओळखतील, आजारी माणूस समोर बसवला की मात्र दाराकडे बघतात. माझे मोजे कोणी काढायचे यावरच पाव तास चर्चा झाली (शेवटी मीच काढले). मग सोळाही जणांनी पाळीपाळीने माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली आणि सोळाव्याने वहीत लिहिलं, ‘प्रतिसाद कमी’. तुम्ही पंधरा हातोड्या खाऊन प्रतिसाद देऊन दाखवा.

मॅडमनी फळ्यावर बाण काढले, जंतू इकडे, नसा तिकडे. एक चष्मेवाले गृहस्थ पुन्हापुन्हा विचारत होते, अंगाचा राखणदार इतका मूर्ख कसा की आपल्याच नसा सोलून काढतो? मला राहवलं नाही. म्हटलं, मूर्ख नाही साहेब, आमच्या दाजींसारखा फार दक्ष असतो. आणि सांगितला तुमचा बैल.

(रागावू नका, खरं तेवढंच सांगितलं.) शेजारच्या भागवतचा लाल कंधारी बैल तुमच्या कापसात दोनदा शिरला, तेव्हापासून लाल पाठ दिसली की तुमचं डोकं फिरायचं. तिसऱ्यांदा भरदुपारी तशीच पाठ दिसली, आणि तुम्ही काठी मोडेपर्यंत हाणत बैल कोंडवाड्यात नेऊन घातला. घरी येऊन बघता तर आपलाच खुंटा रिकामा! जुलाबाच्या जंतूचं आणि नसेवरच्या वेष्टणाचं रूपही असंच मिळतंजुळतं असतं म्हणे. जंतू केव्हाच पसार होतो, काठी घरच्या बैलावर पडत राहते. वर्ग आधी हसला, मग लिहायला लागला. आता तिथे या आजाराला ‘परमेश्वररावांचा बैल’ म्हणतात. घराण्याचं नाव काढलंत.

चष्मेवाल्यांनी विचारलं, पुढे बैलाचं काय झालं? म्हटलं, त्याच संध्याकाळी सोडवून आणला म्हणून निभावलं. दोन महिने लंगडला, मग औताला लागला. मॅडम म्हणाल्या, बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल, त्याच संध्याकाळी, एवढं लिहा.

अक्काला नमस्कार.

आपला नाटकी मेहुणा,
बन्सीधर

ता. क. हे पत्र घेऊन आलेला आमच्या गल्लीतला शिवप्रकाश जीप घेऊन दारात उभा आहे. वरचा सगळा अपमान मी मुद्दाम लिहिला. समजावलं तर तुम्ही ऐकत नाही, भांडायला मात्र लगेच निघता. तर निघा. जीप परभणीच्या दवाखान्यात थांबेल, मी तिथे पुढे जाऊन बसतो.

आणखी एक. मी उगाच घाबरवतोय असं वाटत असेल, तर टाचा उचलून चवड्यांवर उभे राहून बघा. जमलं तर जीप परत पाठवा, मी जन्मभर नाटकी. नाही जमलं, तर शिवप्रकाशच्या खांद्यावर हात टाका, दाजी. मला फार भीती वाटते आहे. तोंडात नळी असलेल्या माणसाशी मला भांडता येणार नाही.