बोट कुठून सुटते

प्रिय बादल,

पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असं समजून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. तुझा बा नव्या तांड्यात कडुनिंबाखाली बसलाय आणि मी इथं बोरी अरबला गॅरेजच्या मागच्या खोलीत, ग्रीसचे हात पुसून लिहायला बसलोय. फोन का नाही केला, तर फोनवर तू "हं चाचा, बोला" म्हणतोस आणि मागे तुझ्या कॉम्प्युटरची बटणं वाजत राहतात. त्या तालावर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

एक जूनला तू बाला वाढदिवसाची भेट पाठवलीस. अर्ध्या तांड्याचा जन्म गुरुजींनी दाखल्यावर एकाच दिवशी उरकला, म्हणून बाचा वाढदिवस एक जून. असो. भेट मोठी होती. सरोवरविहार, दोन तिकिटं, शेवटची फेरी साडेचारची. आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि तिकिटावर निळ्याशार पाण्यात पांढरी बोट. मी हसलो, बा हसला नाही. त्याला बोटीचं कौतुक नव्हतंच. धरणाच्या पोटात आपला जुना तांडा आहे आणि तुझी आई हंसाबाई त्याच तांड्यात नवरी होऊन आली होती. पस्तीस वर्षं काठावरून पाहिलं, आता एकदा त्याच्या डोक्यावरून जाऊन येतो, म्हणाला. तिकीट तीन तारखेचं होतं आणि चार तारखेपासून पावसाळ्यासाठी बोट बंद होणार होती. म्हणजे त्याच दिवशी जायचं, नाहीतर दिवाळीनंतर. दिवाळीपर्यंत थांबायला तो तयारच होईना. तेव्हा मला ते कळलं नाही.

बोटीपर्यंत कसं पोहोचायचं, हे तिकिटासोबत तू सविस्तर पाठवलं होतंस. जवळचं विमानतळ नागपूर, हे त्यातलं एकच वाक्य खरं निघालं. आम्ही दोन वाजता माझी ओम्नी काढली. फोनमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईनं आम्हाला धरणाच्या भिंतीच्या बाजूनं नेलं. तिथला चौकीदार नागोराव म्हणाला, बोट बागेतून सुटते. बागेला कुलूप होतं. फाटकावरची पाटी एका खिळ्यावर लटकत होती आणि तिचा बाण आभाळाकडे रोखलेला. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना सरळ वर पाठवायची व्यवस्था होती म्हणायची. तिथून बाईनं आम्हाला उलट फिरवलं, सात किलोमीटर गिट्टीचा रस्ता, दोनदा नाला, आणि एका बाभळीसमोर थांबवून सांगितलं की तुम्ही पोहोचलात. समोर पाणी नव्हतं. भेगाळलेला गाळ, शिंपले आणि एक मेलेला खेकडा. ती जागा ज्यानं कोणी नकाशावर लावली त्यानं ती भर दिवाळीत लावली असणार, धरण तुडुंब असताना. जूनपर्यंत पाणी दीड किलोमीटर मागे सरकलं होतं आणि बोटीचा धक्का बिचारा पाण्यामागं चालत गेला होता.

चार वाजत आले होते. मी सरकारला, ठेकेदाराला, तुला आणि त्या बाईला, सगळ्यांना सारख्याच शिव्या दिल्या. तुझा बा बाजूच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. एवढ्या प्रवासात त्यानं एकदाही फोनात डोकावलं नव्हतं, एकदाही खिडकीतून हात करून काही दाखवलं नव्हतं. मला वाटलं रुसला. मग ऊन कोणत्या गालावर येतंय ते त्यानं अजमावलं आणि विचारलं, मारुतीची टेकडी पाठीशी आहे की उजव्या हाताला. मी सांगितलं. तो म्हणाला, उतर. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागला. पुढं चिंचेचं खोड लागेल, म्हणाला. लागलं. तिथून गाडीवाट खाली उतरते, म्हणाला. मला तिथं नुसता गाळ दिसत होता, पण पायाखाली खरंच कडक लागायला लागलं. ही विहीर, हे देवीलालचं घर, हा गुरांचा गोठा, असं तो सांगत गेला आणि मी मान हलवत गेलो. वर मी टोमणाही मारला की डोळे मिटून वाट दाखवायचं नाटक सर्कशीत चांगलं चालेल. खांद्यावरचा हात जरा घट्ट झाला, एवढंच.

धक्का दिसला. गाळात एकच टणक, उंच जागा होती, दगडी, चौकोनी, म्हणून ठेकेदारानं तीच धरली होती. वर टेबल, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फोटो काढायला लाल बदामाची चौकट, आणि बोटीची दोरी एका दगडी खाचेत पाचर ठोकून बांधलेली. मी बूट घालून धाडधाड वर चढलो, कारण पाचच मिनिटं उरली होती. मागं पाहिलं तर तुझा बा खालीच उभा. त्यानं पायानं दगड चाचपला. मग वाकून दोन्ही चपला काढल्या, बाजूला जोडून ठेवल्या आणि वर आला. गुडघ्यावर बसून त्यानं हातानं ती खाच शोधली. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा ज्या खाचेत उभा असायचा ती खाच. तांडा उठला तेव्हा झेंडा गाडीत घालून नव्या जागी नेला, हा दगडी ओटा कसा नेणार? माझे अब्बा इथं बैलांना नाल मारायला यायचे तेव्हा मी याच ओट्याच्या पायरीशी भाकर खाल्ली आहे, आणि मी बूट घालून वर उभा होतो. ज्याला मी सर्कस म्हणालो त्याच्या चपला खाली होत्या.

तो उभा राहिला, हात जोडून त्यानं तुमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत विनती म्हटली. तिकीट फाडणारी अस्मा नावाची पोरगी शहाणी, तिनं फोनवरचं गाणं बंद केलं. विनती संपली. समोर दहा हातांवर पाणी होतं, सगळं उन्हात चमकत होतं, बोटीचं इंजिनसुद्धा गुरगुरत होतं. आणि तुझा बा हळूच मला म्हणाला, "इकबाल, पानी कोन्या अंगाले हाय? मले समदं पांढरंच दिसून राह्यलं."

त्यानंतर तो बोटीत चढला नाही. तो खुर्चीवर नाही, ओट्यावर मांडी घालून बसला. मला म्हणाला, "तू जा, फिरून ये. बादलले सांग, लय मजा आली." मी गेलो. एवढ्या मोठ्या बोटीत केशरी जाकीट घालून एकटा बसलो आणि फोटो काढले. तेच फोटो तुला आले, तू त्यांच्यावर तीन लाल बदाम टाकलेस. पुन्हा काढून बघ. बोटीतल्या एकाही फोटोत तुझा बा नाही. मी तुला नावं ठेवत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं मोटारसायकल सोडली तेव्हा तो सांगत फिरला की इकबाल दुरुस्तीत लुबाडतो, आणि मी महिनाभर अबोला धरला. पत्ते सोडले तेव्हा म्हणाला, देवीलाल लबाडी करतो. तुमच्या रविवारच्या फोनवर सोनू चित्र धरून विचारते, आजोबा काय काढलंय, आणि तो म्हणतो, तूच सांग बेटा. आम्ही सगळे हुशार.

परतताना त्यानं माझ्या आईची, बिस्मिल्लाबीची, शपथ घातली की बादलला सांगायचं नाही. तिला जाऊन दहा वर्षं झाली, आता तिचं काय वाईट होणार, म्हणून शपथ मोडतोय. काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाय. डाव्यात ऊन-सावली कळते आणि हातभर अंतरावरचा चेहरा कळतो. यवतमाळच्या डॉक्टरचा कागद त्यानं गादीखाली दडवला होता, मी काढून वाचला. गेलेलं परत येत नाही, ऑपरेशन लवकर केलं तर उरलेलं राखता येईल, असं आहे त्यात. तो नाही म्हणतो, कारण त्याला भीती आहे की तू त्याला पुण्याला चौथ्या मजल्यावर नेशील. तिथं त्याला चिंचेचं खोडही माहीत नाही. इथं निदान वाट पाठ आहे. म्हणून हे पत्र. न्यायला येऊ नकोस, राहायला ये. सूनबाईला, बबिताला सांग, ऑपरेशनपुरती सुट्टी काढ, आणि सोनूला घेऊन या. पाऊस लागायच्या आत आलात तर ओटा अजून पाण्याबाहेर असेल. तिला त्याच्यासमोर उभी कर, हातभर अंतरावर, फोनात नाही. लोकेशन मागू नकोस. बोरी अरबला उतर. पुढचा रस्ता तुझा बा दाखवेल, मी नुसता खांदा पुढं करीन.

बूट काढून बसलेला,
तुझाच
इकबालचाचा